उपग्रह कोणाच्या खांद्यावर चढला?

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी, आपल्याकडे मध्यरात्र उलटून जेमतेम मिनिट झाले असताना, फ्लोरिडातील केप कॅनाव्हरल येथून स्पेसएक्सच्या फाल्कन-९ प्रक्षेपकाने इस्रोचा ४,७०० किलो वजनाचा जीसॅट-एन२ हा दळणवळण उपग्रह उचलला आणि उजाडेपर्यंत आपल्याकडे दोन तट पडले. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरवणाऱ्या देशाला आपला उपग्रह दुसऱ्याच्या खांद्यावर चढवावा लागतो ही नामुष्की आहे, असे एका तटाचे म्हणणे होते. रॉकेट म्हणजे शेवटी भाड्याचा टेम्पो, सामान पोचल्याशी मतलब, असे दुसऱ्या तटाने सुनावले. वर्षभराने, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, ४,४१० किलोचा सीएमएस-०३ श्रीहरिकोट्याहून आपल्याच एलव्हीएम३ प्रक्षेपकाने गेला, तेव्हा पहिल्या तटाने पेढे वाटले आणि दुसरा गप्प बसला. मला या दोन्ही प्रसंगांतला वाद सारखाच चुकीचा वाटतो. पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या भूस्थिर उपग्रहाच्या चौदा-पंधरा वर्षांच्या आयुष्यातला पहिला अर्धा-पाऊण तास तेवढा आपण हिरिरीने भांडण्यासाठी निवडतो आणि उरलेल्या वर्षांबद्दल एकही प्रश्न विचारत नाही. दळणवळण उपग्रह किती आपला, हे त्याचे काम काय असावे हे कोणी ठरवले आणि ते काम जमिनीवर किती जणांपर्यंत पोचले यावरून ठरते. परदेशी प्रक्षेपक वापरण्यात लाज नाही. स्वतःचा अवजड प्रक्षेपक हवा, हे खरे. पण तो ज्या कारणासाठी हवा ते कारण या वादात क्वचितच ऐकू येते.

नामुष्कीवाल्यांच्या हातात एक छायाचित्र नेहमी असते : बैलगाडीवर ठेवलेला ‘ॲपल’ उपग्रह. एकेकाळी आपण असे होतो आणि आता कुठे पोचलो, असे सांगण्यासाठी ते फिरवले जाते. त्या छायाचित्राचा अर्थ मात्र बहुतेकांनी उलटा लावलेला आहे. गाडी मिळत नव्हती म्हणून बैलगाडी आणलेली नव्हती. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती आणि धातूच्या वाहनावरून लहरी परावर्तित होऊन मोजमापे बिघडली असती, म्हणून लाकडी गाडा हा त्या क्षणी उपलब्ध असलेला सर्वांत शास्त्रशुद्ध मंच होता. बंगळुरूच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये आर. एम. वासगम यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला हा ६७० किलोचा उपग्रह १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान प्रक्षेपकाच्या तिसऱ्या चाचणी-उड्डाणात गेला. चाचणी-उड्डाण म्हणून जागा फुकट मिळाली होती, आणि त्यातली जोखीमही उघड होती : त्याच प्रक्षेपकाचे आधीचे, मे १९८० मधले, उड्डाण फसले होते. वर पोचल्यावर एक सौरपंख उघडलाच नाही, तरीही शास्त्रज्ञांनी उपग्रह सांभाळून दोन वर्षांहून अधिक काळ चालवला. रॉकेट परक्याचे होते. पण भूस्थिर कक्षेत शेवटचा धक्का देणारी मोटर आपल्या एसएलव्ही-३ या छोट्या प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यावरून घडवलेली होती, आणि एक पंख मिटलेला उपग्रह कसा चालवायचा ही विद्या त्या फुकटच्या प्रवासात कमावलेली होती. यात नेमकी कोणती नामुष्की दिसते?

तरीही समोरच्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे डावलून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणणे इतिहासातच आहे, आणि गंमत म्हणजे आपल्यापेक्षा युरोपच्या इतिहासात अधिक ठळक आहे. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने मिळून ‘सिंफनी’ नावाचा दळणवळण उपग्रह बांधला. त्यांच्याजवळ चालता प्रक्षेपक नव्हता, म्हणून ते अमेरिकेकडे गेले. अमेरिकेने उड्डाण दिले, पण अट घातली की हा उपग्रह प्रयोगापुरताच वापरायचा, धंद्यासाठी नाही, कारण त्या वेळी व्यापारी उपग्रह-दळणवळणावर अमेरिकेचा वरचष्मा असलेल्या इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेची मक्तेदारी होती. डिसेंबर १९७४ मध्ये सिंफनी अमेरिकी डेल्टा प्रक्षेपकाने गेला तो ही अट मुकाट्याने मान्य करून. म्हणजे टेम्पोवाल्याने केवळ भाडे घेतले नाही, तर सामान घरी नेल्यावर त्याचे काय करायचे तेही सांगितले. १९७३ मध्ये युरोपने एरियानचा कार्यक्रम हाती घेतला, त्यामागे हा कडवट अनुभव मोठा होता. पुढे याच सिंफनीवर १९७७ ते १९७९ या काळात भारताने स्वतःचे दूरसंचार-प्रयोग केले आणि याच एरियानवर आपला ॲपल बसला. एकाचा अपमान दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची अशी उदाहरणे थोडी नाहीत. पण मुद्दा टिकतो : प्रक्षेपक देणारा देश तुमच्या उपग्रहाच्या वापरावर हात ठेवू शकतो.

आपल्या वाट्यालाही तो हात आला. १९९१ मध्ये रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणारे क्रायोजेनिक इंजिन आणि त्याचे तंत्रज्ञान घेण्याचा करार झाला. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले, १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारले आणि तयार टप्पे तेवढे देऊ केले. भूस्थिर उपग्रहांसाठीचा आपला पहिला जीएसएलव्ही प्रक्षेपक एप्रिल २००१ मध्ये उडाला तो रशियन टप्प्यावर. स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचा पहिला प्रयत्न एप्रिल २०१० मध्ये फसला. ऑगस्ट २०१३ मध्ये उलटगणती चालू असताना दुसऱ्या टप्प्यातून गळती आढळली म्हणून उड्डाण थांबवावे लागले. आणि ५ जानेवारी २०१४ रोजी ते साधले. करारापासून मोजले तर बावीस-तेवीस वर्षे. याच काळात, ३० ऑगस्ट २०१३ रोजी, नौदलासाठी बांधलेला जीसॅट-७ आपल्याला कुरूहूनच पाठवावा लागला. ज्या उपग्रहावरून युद्धनौका एकमेकींशी बोलणार, तो परक्याच्या प्रक्षेपण-केंद्रात आठवडेच्या आठवडे ठेवून, त्यांच्या वेळापत्रकाने सोडायचा, यात कोणाला अस्वस्थ वाटले असेल तर मी त्याला भाबडा म्हणणार नाही. सीएमएस-०३ हा त्याच कामाचा पुढचा उपग्रह आपल्या भूमीवरून गेला, याचा आनंद रास्तच आहे.

आणि टेम्पोवाल्यांचे काय? त्यांचे म्हणणे ऐकायला व्यवहारी वाटते, पण बाजारात टेम्पो किती आहेत ते त्यांनी मोजलेले नाही. ५,८५४ किलोचा जीसॅट-११ डिसेंबर २०१८ मध्ये एरियान-५ ने गेला, २०२२ मध्ये जीसॅट-२४ ही त्यानेच नेला. जुलै २०२३ मध्ये एरियान-५ निवृत्त झाले. युक्रेन-युद्धानंतर रशियन प्रक्षेपकांचा दरवाजा बंद झाला. भूस्थिर कक्षेकडे जाण्याआधीच्या लांबट वाटेवर, म्हणजे भूस्थिर-हस्तांतर कक्षेत, एलव्हीएम३ ची क्षमता चार टनांच्या आसपास (४,४१० किलोच्या सीएमएस-०३ साठी ही कक्षा नेहमीपेक्षा खालची ठेवावी लागली), आणि जीसॅट-एन२ त्याहून सातशे किलो जड. उरला फाल्कन. अनेक गाड्यांतून एक निवडणे याला भाडे म्हणता येते. अड्ड्यावर एकच गाडी उभी असेल तर तिथे भाडे गाडीवाला ठरवतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ८,२४० कोटी रुपये मंजूर करून नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला हिरवा कंदील दाखवला, त्याचे खरे समर्थन इथे आहे. आपला अवजड प्रक्षेपक हवा तो घासाघीस करता यावी म्हणून आणि सिंफनीसारखी अट कोणी घातलीच तर ‘नको’ म्हणता यावे म्हणून. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये घडणारी इंजिने किंवा वालचंदनगरला तयार होणारी मोटरची आवरणे यांचे मोल या ‘नको’ मध्ये आहे, दूरदर्शनवर तिरंगा दिसण्यात नाही.

वालचंदनगरचे नाव आलेच आहे, तर वालचंद हिराचंद यांचीच गोष्ट इथे आठवते. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया या जहाज-कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. ते जहाज बांधले होते इंग्लंडमधल्या बॅरो येथे. नाव होते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते विकत घेऊन नाव बदलले आणि त्यांच्याकडून ते सिंदियाकडे आले. आजच्या वादाचे मोजमाप लावले तर तो दिवस साजरा करण्याऐवजी शरमेचा ठरायला हवा होता : स्वदेशी कंपनी आणि विलायती जहाज! पण त्या काळच्या लोकांना कळत होते की मामला जहाजाच्या पत्र्याचा नाही. माल कोणाचा, मार्ग कोणाचा, भाडे कोण ठरवणार, यासाठी ती लढाई होती, आणि ब्रिटिश जहाज-कंपन्यांनाही ते पुरते कळत होते. म्हणून त्यांनी दर पाडून सिंदियाला जेरीस आणण्याचा प्रयत्न केला. जहाज बांधण्याची विद्या पाठोपाठ आली. विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला १९४१ मध्ये बसली आणि ‘जलउषा’ पाण्यात उतरली १९४८ मध्ये. विलायती लॉयल्टी नाकारून वालचंद गोदीची वाट पाहत बसले असते, तर गोदी बांधण्याचे कारणच उरले नसते.

उपग्रहांच्या बाबतीत आपण हेच केले आहे आणि आता विसरलो आहोत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ प्रयोगातून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचली. उपग्रह नासाचा एटीएस-६, तोही वर्षाच्या बोलीवर उसना घेतलेला. वर्ष संपताच त्यांनी तो परत नेला. रॉकेटचा तर प्रश्नच नव्हता. पण कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या तीन मीटर रुंदीच्या तबकड्या, हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत तयार झालेले संच, ते बिघडले तर जीप घेऊन जाणारे तंत्रज्ञ, शेती-आरोग्याचे कार्यक्रम, ते पाहून माणसांत काय बदलले हे टिपणारे संशोधक, हा सगळा पसारा आपला होता. विक्रम साराभाईंनी कल्पना मांडली, ती पाहायला ते राहिले नाहीत. जमिनीवर ती उतरवणाऱ्यांत मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस आघाडीवर होते. आकाशातले सगळे परक्याचे आणि जमिनीवरचे सगळे आपले, अशा त्या प्रयोगाला कोणी परावलंबी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता दोन उपग्रह शेजारी ठेवून पाहा. इन्सॅट-१बी अमेरिकेतल्या फोर्ड एअरोस्पेसने बांधला आणि ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेच्याच चॅलेंजर अवकाशयानातून गेला. त्याच्या आधीचा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला होता, म्हणजे धाकधूकही होती. परंतु दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि हवामानाचे निरीक्षण ही तिन्ही कामे एकाच भूस्थिर उपग्रहावर लादण्याची कल्पना भारताची होती. गरीब देशाला तीन वेगळे उपग्रह परवडत नव्हते म्हणून सुचलेली होती. आणि तो वर पोचण्याआधीच त्याच्या वापराची तयारी चालली होती. १९८४ मध्ये काही महिने देशात रोज जवळपास एक नवा दूरदर्शन मनोरा सुरू होत गेला. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या आठवणीतला, गल्लीतल्या एकमेव संचासमोर भरलेला तो ओटा या परदेशी उपग्रहाची देणगी आहे. दुसरा उपग्रह एज्युसॅट. २० सप्टेंबर २००४ रोजी आपल्या जीएसएलव्हीने, आपल्या श्रीहरिकोट्याहून गेलेला, केवळ शिक्षणाला वाहिलेला. (त्या जीएसएलव्हीचा वरचा टप्पा रशियन होता, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही, यावरूनही ‘स्वदेशी’ शब्दाकडे आपण किती बारकाईने पाहतो ते कळते.) प्रायोगिक टप्प्यात निवडलेल्या तीन विद्यापीठांत नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होते. हेतू उत्तम, उड्डाण निर्दोष. २०१३ मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांनी या योजनेचा हिशेब मांडला तेव्हा जाळे उभारण्यातली दिरंगाई, शिकवण्याच्या सामग्रीची वानवा आणि व्यवस्थापनाचा अभाव यांवर कडक ताशेरे होते. तोवर उपग्रहाची सेवा संपूनही गेली होती. सांगा, या दोहोंपैकी अधिक स्वदेशी कोणता?

या प्रश्नाचे उत्तर मला एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात मिळाले होते, दहा-बारा वर्षांपूर्वी. गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून एक तबकडी उभी होती. तिच्या केबलचे टोक काळी चिकटपट्टी गुंडाळून कठड्याला बांधलेले होते. खालच्या खोलीत रिसीव्हर प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर डेडस्टॉक रजिस्टरचा क्रमांक पांढऱ्या रंगाने लिहिलेला. मी विचारले तेव्हा शिपाईमामा म्हणाले, “वरचं चालू असेल सर, आपला इन्व्हर्टर बंद आहे. बॅटरी गेलीय.” बॅटरी का आणत नाही, याचे उत्तर कार्यालयात मिळाले : यंत्रसामग्री घेण्यासाठी निधीचे हेड होते, बॅटरी बदलण्यासाठी नव्हते. कोट्यवधी रुपयांचा उपग्रह आणि काही हजारांची बॅटरी यांच्यामध्ये एक रकाना मोकळा राहिला होता. कोणत्याही तटाच्या भांडणात मी त्या रकान्याचा उल्लेख ऐकलेला नाही.

हा प्रकार जुना झाला असे कोणी म्हणेल, तर जीसॅट-६ पाहावा. २७ ऑगस्ट २०१५ रोजी जीएसएलव्हीने, आणि या वेळी खरोखरच स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याने, तो गेला. वर गेल्यावर छत्रीसारखा उलगडणारा सहा मीटरचा अँटेना हे त्याचे वैशिष्ट्य, कारण त्यामुळे खाली हातात मावेल एवढे लहान उपकरण पुरते. खोल समुद्रात मोबाईलचा टॉवर नसतो, तिथल्या मच्छीमाराला वादळाची सूचना द्यायला आणि त्याची संकटाची हाक ऐकायला याहून सोयीचे काय असणार? पण बोटींवर उपग्रहाशी संदेश देवाणघेवाण करणारे एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ पालघर येथे झाला तो ३० ऑगस्ट २०२४ रोजी. उपग्रहाचे नियोजित आयुष्य होते ९ वर्षे. उपग्रह बहुधा नेमल्यापेक्षा जास्त जगतात आणि मधल्या काळात त्याचा इतर उपयोगही झाला, हे मान्य. तरी सातपाटी-डहाणूच्या नाखव्याच्या दृष्टीने पाहिले तर ती नऊ वर्षे कोरडीच गेली, आणि त्यात परदेशी रॉकेटचा दोष तसूभरही नव्हता.

अलीकडे एक तिसरा आवाज या वादात शिरला आहे. त्याचे म्हणणे असे की भूस्थिर उपग्रहांचा जमानाच संपला. ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन परतायला संदेशाला पाव सेकंद लागतो, प्रश्न आणि उत्तर धरून अर्धा. उलट साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या स्टारलिंकच्या ताफ्याला हा विलंब जवळपास नाहीच. समोरासमोर बोलण्यासाठी, तातडीच्या व्यवहारासाठी हा मुद्दा बिनतोड आहे. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांसाठी त्यांच्याशी इरादापत्रही केले. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावर जोडणी मिळत असेल तर ती कोणत्या कक्षेतून येते याचे सोयरसुतक मी तरी ठेवणार नाही. पण एकाच वेळी कोट्यवधी घरांना एकच चित्र दाखवायचे असेल, तर आकाशात एका जागी ठाण मांडून बसलेल्या एका उपग्रहाशी स्पर्धा करणे हजारोंच्या ताफ्यालाही परवडत नाही. ताफ्यातला प्रत्येक उपग्रह आपल्या डोक्यावर काही मिनिटेच असतो आणि साधारण पाच वर्षांत बदलावा लागतो. शिवाय मला नवल वाटते ते प्रमाणबुद्धीचे. फाल्कन-९ ही स्पेसएक्सचा आणि स्टारलिंकही स्पेसएक्सचीच. याच कंपनीने आपला उपग्रह अर्धा तास वाहून नेला, तेव्हा त्याची मालकी, त्याचे नियंत्रण, त्याच्या चाव्या सगळे आपल्याकडे होते, तरी नामुष्कीचा गजर झाला. तीच कंपनी चार जिल्ह्यांची रोजची जोडणी हाती घेऊ पाहते, तिच्या चाव्या कायम तिच्याकडेच राहणार आहेत, आणि त्यावर मात्र फारशी कुजबुजही नाही. सिंफनीची अट ज्यांना खरोखर आठवत असेल, त्यांनी ती इथे आठवायला हवी. जोडणी घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. शाळेचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा कणा तिच्यावर उभारताना पर्यायी वाट आपल्या उपग्रहावर राखून ठेवावी, एवढेच आहे.

ती वाट राखायला जीसॅट-एन२ आहेच. ईशान्येकडील राज्यांवर आठ अरुंद झोत आणि उरलेल्या देशावर चोवीस रुंद झोत, मिळून ४८ गिगाबिट प्रतिसेकंद एवढी क्षमता, तीही का-बँड या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यामध्ये. या बँडच्या लहरी पावसात क्षीण होतात. कोकणातल्या जुलैमध्ये तबकडी किती मोठी लावायची आणि भू-केंद्रातून शक्ती किती वाढवायची, याचा हिशेब आधीच करून ठेवावा लागतो. तो कोणी केला, कोणत्या खात्याने किती जोडण्यांची मागणी नोंदवली, बॅटरीसाठी हेड ठेवले का, हे विधिमंडळात विचारता येण्याजोगे साधे प्रश्न आहेत आणि त्यासाठी कोणाला रॉकेटशास्त्र यावे लागत नाही. भूस्थिर उपग्रह स्थिर दिसतो, पण चंद्र-सूर्याच्या ओढीने तो आपल्या जागेवरून सतत ढळत असतो आणि त्याला परत जागेवर आणायला थोडे थोडे इंधन खर्ची पडते. जीसॅट-एन२ चे नियोजित आयुष्य १४ वर्षांचे आहे. खाली एकही तबकडी लागली नाही तरी ते इंधन ठरल्या गतीने संपतच राहील.